शहाण्याने चढावी अशी पायरी

पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की आम्हा वॉटफर्डकरांना एक ठरलेली फेरी घालावीच लागते. मुलांना हॅरी पॉटरचा स्टुडिओ पाहायचा असतो. तिकिटे कितीतरी आधी काढून ठेवायची, जंक्शनवरून बस पकडायची आणि लीव्हस्डनच्या जुन्या विमान-इंजिनांच्या कारखान्याच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या मायानगरीत अख्खा दिवस घालवायचा. २०१२ साली हा स्टुडिओ लोकांना खुला झाला. तेव्हापासून ही फेरी मी किती वेळा केली, याचा हिशेब मी सोडून दिला आहे.

गेल्या खेपेला सोबत आमचे मेव्हणे होते. नागपूरला पस्तीस वर्षे वकिली करून निवृत्त झालेले. गर्दीला ते कंटाळले, म्हणून मुलांना आत सोडून आम्ही दोघे मैलभरावरच्या लीव्हस्डन कंट्री पार्कमध्ये पाय मोकळे करायला गेलो. मोठाली झाडे, हिरवळ, कुत्री फिरवणारी माणसे, आणि कडेला जुन्या विटांच्या काही इमारती, ज्यांची आता घरे झाली आहेत. मेव्हण्यांनी विचारले, "काय हो, ही कोणा जमीनदाराची इस्टेट होती का?"

मी म्हटले, "नाही. इथे सव्वाशे वर्षे माणसे कोंडून ठेवली होती. गुन्हेगार नव्हेत, नुसती अपंग."

ते थबकले. मग आमचे जे बोलणे झाले त्याचा विस्तार म्हणजे हा लेख. मेव्हणे स्वतः वकील, तरी आपली जुनी म्हण त्यांनी सांगितलीच: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मला वाटते, अपंगांच्या हक्कांचा इतिहास पाहिला तर ही म्हण उलटी करावी लागते. ज्याला पायरीच चढता येत नाही अशा माणसाने, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी, कोर्टाची पायरी चढली म्हणूनच बाकीच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधले गेले.

भिंतीआडचे गाव

१८६७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने राजधानीतील गरिबांसाठी एक कायदा केला आणि त्याखाली मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्ड स्थापन झाले. लंडनच्या वर्कहाउसांत, म्हणजे सरकारी अनाथाश्रम-कम-श्रमछावण्यांत, दाटी झाली होती. जे कोणाला इजा करीत नाहीत, पण बरेही होणार नाहीत आणि कामाचेही नाहीत, अशा 'इम्बेसाइल' लोकांना लंडनबाहेर हलवायचे ठरले. त्यासाठी दोन जुळी असायलम बांधली गेली: एक दक्षिणेला कॅटरहॅमला आणि दुसरे उत्तरेला, वॉटफर्डजवळ अ‍ॅबट्स लँगलीच्या हद्दीत लीव्हस्डनला. दोन्ही १८७० मध्ये सुरू झाली.

'असायलम' म्हणजे आसरा. हेतू अगदीच वाईट होता असे म्हणता येणार नाही. वर्कहाउसपेक्षा हवा बरी होती, अन्न होते, शेत होते, शिवणखाना होता. पण आत गेलेला माणूस बाहेर यायचा मार्ग मात्र आखलेला नव्हता. लीव्हस्डनची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. बोर्ड जाऊन लंडन काउंटी कौन्सिल आली, १९४८ साली नॅशनल हेल्थ सर्व्हिस आली, पाट्या बदलल्या, 'असायलम'चे 'हॉस्पिटल' झाले. भिंतीआडचे गाव तसेच राहिले. जवळच ईस्ट लेनला रुग्णालयाची स्वतंत्र दफनभूमी आहे. तिथे पुरलेल्यांपैकी बहुतेकांच्या नावाचा दगडही नाही.

१९१३ साली मेंटल डेफिशियन्सी अ‍ॅक्ट आला. त्याने माणसांच्या चार प्रती ठरवल्या: इडियट, इम्बेसाइल, फीबल-माइंडेड आणि मॉरल इम्बेसाइल. आज शिव्या म्हणून वापरले जाणारे हे शब्द त्या काळी कायद्याचे होते. या चौथ्या प्रतीत आणि तिच्या आसपास कोणाकोणाला ढकलले गेले, हे वाचले की अंगावर काटा येतो. लग्नाआधी मूल झालेल्या गरीब मुली, शाळेत मागे पडलेली अनाथ पोरे, भुरट्या चोऱ्या करणारे. बुद्धी ठणठणीत असलेली माणसे दहा-दहा, वीस-वीस वर्षे आत राहिली.

आपल्या वाचकांपैकी ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात इथल्या आरोग्यसेवेत उमेदवारी केली त्यांना ही मोठी रुग्णालये चांगली माहीत असतील. एकट्या हर्टफर्डशायरमध्ये हार्परबरी, सेल बार्न्स, नॅप्सबरी, शेन्ली अशी त्यांची रांगच होती. ज्या शाखांत इथले तरुण डॉक्टर जायला नाखूश असत, त्या मानसोपचार, वृद्धोपचार आणि मतिमंदत्वाच्या वॉर्डांत भारतातून आलेले डॉक्टर आणि परिचारिका पुष्कळ असत. म्हणजे या इतिहासात आपणही एका कोपऱ्यात उभे आहोत. पाहुणे म्हणून नव्हे, नोकरदार म्हणून.

कोर्टात पडलेली पहिली फट

भिंतीला पहिली फट पाडली ती वकिलांनी. नॅशनल कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने १९५१ साली एक पुस्तिका काढली आणि १९१३ च्या कायद्याखाली अडकलेल्या सुमारे पन्नास हजार माणसांना कायद्याचे काहीच संरक्षण नाही, हे जाहीर केले. पाठोपाठ १९५६ साली कॅथलीन रटी हिचा खटला उभा राहिला. सतराव्या वर्षी तिला 'मेंटल डिफेक्टिव्ह' ठरवून डांबले होते. तिच्या वतीने हेबियस कॉर्पसचा, म्हणजे देहोपस्थितीचा, अर्ज झाला. युक्तिवाद साधा होता. कायदा म्हणतो की असा माणूस 'निराधार अवस्थेत आढळला' तरच त्याला ठेवता येईल. ही मुलगी तर तेव्हा स्थानिक कौन्सिलच्याच ताब्यात होती, मग ती निराधार कशी? हायकोर्टाने युक्तिवाद मानला. या एका निकालाने पुष्कळ इतर माणसांच्या बंदिवासाचा पायाच डळमळला. रॉयल कमिशनचा अहवाल आला आणि १९५९ च्या नव्या कायद्याने १९१३ चा कायदा गेला.

मेव्हण्यांना हे ऐकून विलक्षण आनंद झाला. "बघा," ते म्हणाले, "मानवता, करुणा असले मोठे शब्द काही नाहीत. एका वाक्याचा अर्थ नीट वाचला, एवढेच." वकिलाच्या कामाचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही.

१९६७ साली कार्डिफच्या ईली रुग्णालयातील छळाच्या तक्रारी वर्तमानपत्रात आल्या. चौकशी जेफ्री हाऊ या बॅरिस्टरकडे दिली गेली. हेच पुढे थॅचरबाईंचे अर्थमंत्री झाले. त्यांचा अहवाल सौम्य करण्याचा आग्रह त्यांनी मानला नाही. १९६९ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि १९७१ मध्ये सरकारने ही मोठी रुग्णालये हळूहळू कमी करण्याचे धोरण जाहीर केले. १९७५ पासून माइंड या संस्थेचे कायदेविषयक काम लॅरी गॉस्टिन या तरुण अमेरिकन वकिलाने हाती घेतले. त्याने एकेक प्रकरण थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेले. १९८१ च्या निकालात त्या न्यायालयाने सांगितले की मनोरुग्ण म्हणून डांबलेल्या माणसाला ठरावीक काळाने न्यायाधीशासमोर आपली बाजू मांडता आलीच पाहिजे. १९८३ च्या मेंटल हेल्थ अ‍ॅक्टवर त्याची छाप स्पष्ट दिसते.

मुलांचीही गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती आपल्यातल्या पालकांना ठाऊक असावी. १९७१ च्या एप्रिलपर्यंत इंग्लंडमध्ये काही मुलांना 'शिक्षणास अपात्र' ठरवून शाळेचे दार कायद्यानेच बंद होते. ते उघडले ते १९७० च्या कायद्याने, आणि त्यामागे १९४६ साली ज्युडी फ्राइड या आईने एका मासिकाला लिहिलेल्या पत्रापासून सुरू झालेली पालकांची संघटना होती. तीच आजची मेनकॅप. आज आपण मुलासाठी हक्काने आराखडा मागतो, तेव्हा त्या आईचे पत्र आपल्या अर्जाखाली पुरलेले असते.

दया की हक्क?

इथवर अपंगांच्या वतीने दुसरे बोलत होते. १९७२ च्या सप्टेंबरात 'गार्डियन'मध्ये पॉल हंट नावाच्या गृहस्थांचे पत्र छापून आले. ते स्वतः अपंग, अनेक वर्षे एका धर्मादाय निवासात काढलेले. त्यांनी लिहिले की आम्ही आमची संघटना काढत आहोत, ज्यांना यायचे त्यांनी यावे. या संघटनेत एक वेगळा माणूस आला: व्हिक फिंकेलस्टाइन. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढल्याबद्दल तुरुंग भोगून १९६८ साली तो निर्वासित म्हणून इंग्लंडला आला होता आणि चाकाच्या खुर्चीत बसून होता. तुरुंगातून सुटल्यावर तिथल्या सरकारने त्याच्यावर मनाईहुकूम बजावला होता: अमुक ठिकाणी जायचे नाही, तमुक इमारतीत शिरायचे नाही. त्याच्या ध्यानात आले की यातल्या कित्येक जागी पायऱ्यांमुळे त्याला एरवीही जाता येत नव्हतेच. एक बंदी सरकारने घातली होती, दुसरी गवंड्याने. परिणाम एकच.

या मंडळींनी जो विचार मांडला तो आता पाठ्यपुस्तकांत आहे: अपंगत्व शरीरात नसते, ते समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यांत असते. ऐकायला हे शब्दांचे खेळ वाटतात, पण कायद्याच्या दृष्टीने फरक जमीन-अस्मानाचा आहे. दोष माझ्या पायात असेल तर तुम्ही मला फार तर दया दाखवाल. दोष तुमच्या पायरीत असेल तर मी तुमच्याकडे जाब मागू शकतो.

जाब मागायला मात्र कायदा हवा होता. अ‍ॅल्फ मॉरिस यांच्या प्रयत्नांनी १९७० साली एक चांगला कायदा झाला, पण तो मुख्यतः कौन्सिलने द्यायच्या सेवांचा होता. वंश आणि लिंग यांच्यावरून भेदभाव करायला साठ-सत्तरच्या दशकांत बंदी आली. अपंगत्वावरून भेदभाव करणे नव्वदच्या दशकातही पूर्ण कायदेशीर होते. १९८२ पासून डझनाहून अधिक वेळा पार्लमेंटमध्ये विधेयके आली आणि पडली. १९९४ च्या मे महिन्यात एक विधेयक सरकारी बाजूने दुरुस्त्यांचा पाऊस पाडून बुडवले गेले. गंमत अशी की त्या खात्याचे मंत्री सर निकोलस स्कॉट, आणि अपंगांच्या बाजूने मोहीम चालवणाऱ्या संस्थेत काम करणारी त्यांचीच मुलगी व्हिक्टोरिया. मुलीने बापाविरुद्ध उघड मत दिले. त्या सुमारास लंडनच्या रस्त्यांवर चाकाच्या खुर्च्यांतले निदर्शक स्वतःला बसगाड्यांना साखळ्यांनी बांधून घेत होते, कारण त्या बसमध्ये त्यांना चढता येत नव्हते. त्यांची मागणी चार शब्दांची होती: हक्क हवे, दान नको.

शेवटी ८ नोव्हेंबर १९९५ रोजी डिसएबिलिटी डिस्क्रिमिनेशन अ‍ॅक्टवर राणीची मोहोर उमटली. कायदा लंगडाच होता. वीसपेक्षा कमी नोकर असलेल्या मालकांना तो लागू नव्हता, आणि अंमलबजावणीसाठी स्वतंत्र आयोग २००० सालापर्यंत नव्हता. या त्रुटी पुढे एकेक करून भरल्या गेल्या आणि २०१० च्या इक्वॉलिटी अ‍ॅक्टमध्ये हा सगळा कायदा सामावला गेला. पण पाया १९९५ चा. आणि योगायोग पाहा: लीव्हस्डनचे रुग्णालय कायमचे बंद झाले तेही १९९५ सालीच.

आपल्याकडची गोष्ट

मेव्हण्यांनी इथे मला अडवले. "हे सगळे इंग्रजांचे झाले. आपले काय?"

आपलेही त्याच साच्यातून निघाले होते, कारण साचा इंग्रजांचाच होता. १८९८ च्या लेपर्स अ‍ॅक्टप्रमाणे भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून आश्रमात कोंडता येत असे. १९१२ च्या लूनसी अ‍ॅक्टने वेड्यांची तजवीज केली. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही नावे आपल्या बोलण्यात कशी येत, ते आठवा. 'ठाण्याला पाठवायला हवा' असे आपण हसत हसत म्हणत आलो. लीव्हस्डन आणि ठाणे यांत अंतर होते ते फक्त समुद्राचे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला भिडलेला सर्वांत थोर वकील म्हणजे बाबा आमटे. वरोऱ्याला त्यांची वकिली चांगली चालत होती. बेचाळीसच्या चळवळीतल्या लोकांची बाजू त्यांनी कोर्टात मांडली होती. पण महारोग्यांसाठी ते कोर्टात गेले नाहीत. वकिली सोडून त्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे केले. दान घेऊन जगणे माणसाला आतून मोडते, काम त्याला उभे करते, हा त्यांचा सिद्धान्त. लंडनच्या रस्त्यावरचे निदर्शक जे पुढे ओरडून सांगणार होते, ते बाबांनी चाळीस वर्षे आधी कुदळ-फावड्याने सांगितले होते. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आनंदवन फुलले, पण पुस्तकातला कायदा तसाच राहिला. लेपर्स अ‍ॅक्ट रद्द व्हायला २०१६ साल उजाडले, आणि महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांतून निघायला २०१९. गाव वसवणारा हवाच, पण कलम खोडणाराही लागतो.

ते काम केलेल्यांत एक मराठी नाव फार कमी घेतले जाते: शीला बारसे. या मुंबईच्या पत्रकार, वकील नव्हेत. मुंबईच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांच्या मारहाणीबद्दल त्यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिले, त्यालाच कोर्टाने याचिका मानले आणि १९८३ साली कोठडीतील स्त्रियांसाठी नियम घालून दिले. मग त्या तुरुंगात ठेवलेल्या मुलांच्या मागे लागल्या, त्यांत अपंग आणि मतिमंद मुलेही होती. तारखांमागून तारखा पडू लागल्या तेव्हा वैतागून त्यांनी याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. १९८८ साली कोर्टाने ती नाकारली: हा दावा आता तुमच्या एकटीचा नाही, त्या मुलांचा आहे, तो पुढे चालेल. बाईंना बाजूला व्हावे लागले, पण जनहित याचिकेचे एक मोठे तत्त्व त्यातून ठरले. पुढे १९९३ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच दुसऱ्या याचिकेवर, पश्चिम बंगालच्या तुरुंगांसंबंधी, सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. १९९३ सालापर्यंत हे सांगावे लागत होते, हे लक्षात घ्या.

चाकाच्या खुर्चीतूनही माणसे उठली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था सुरू केली; त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. दिल्लीत जावेद अबिदी यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९९५ मध्ये अपंगांनी संसदेवर धडक दिली, आणि वर्षानुवर्षे रखडलेले विधेयक त्याच अधिवेशनात संमत झाले. भारताचा अपंग व्यक्ती कायदाही १९९५ चाच. नोकऱ्यांत ३ टक्के राखीव जागा आल्या, पण सरकारी कचेऱ्यांनी त्या मोजायची अशी युक्ती शोधली की जागा हाती लागू नयेत. स्वतः अंध असलेले ज्येष्ठ वकील एस. के. रुंगटा यांनी हा हिशेब वर्षानुवर्षे लढवला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो दुरुस्त केला. २०१६ च्या नव्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि राखीव जागा ४ टक्के.

अलीकडचे दोन निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात त्यांनी सांगितले की लिहिताना हात आखडत असेल तर त्याला परीक्षेत लेखनिक मिळालाच पाहिजे. अपंगत्व ४० टक्के आहे की नाही हे मोजत बसू नका. आणि राजीव रतुरी यांच्या याचिकेवर असा निकाल दिला की इमारती, वाहतूक, संकेतस्थळे सर्वांना वापरता येतील अशी करणे ही सरकारची मर्जी नव्हे, बंधन आहे. तारीख होती ८ नोव्हेंबर २०२४. इंग्लंडच्या कायद्याला मोहोर लागली त्याला त्या दिवशी बरोबर २९ वर्षे झाली.

क्लॅरेंडन रोड

आता परत वॉटफर्डला येऊ. स्टेशनातून बाहेर पडून गावाकडे निघाले की क्लॅरेंडन रोड लागतो. काचेच्या कचेऱ्यांच्या त्या रांगेत एका इमारतीत एम्प्लॉयमेंट ट्रिब्यूनल बसते. नोकरीतील अन्यायाची प्रकरणे इथे चालतात. त्यांत अपंगत्वाची बरीच असतात. आपल्यातले कितीतरी जण रोज त्या दारावरून गाडीला धावतात. पाटी फार थोड्यांनी वाचली असेल.

या ट्रिब्यूनलांत जे तत्त्व वापरले जाते त्याला 'रीझनेबल अ‍ॅडजस्टमेंट' म्हणतात. मराठीत 'वाजवी सोय' म्हणू या. सोय म्हणजे मेहेरबानी नव्हे. स्कॉटलंडच्या सुझन आर्चिबाल्ड यांचा खटला पाहा. त्या कौन्सिलच्या रस्ते झाडणाऱ्या कामगार. एका शस्त्रक्रियेनंतर चालणे जवळजवळ बंद झाले. त्यांनी कौन्सिलमधल्याच बैठ्या कामासाठी शंभरावर अर्ज केले. दर वेळी मुलाखत, दर वेळी नकार, शेवटी बडतर्फी. २००४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की अपंग माणसाला इतरांसारखेच वागवले, एवढे पुरे नाही. प्रसंगी त्याला झुकते माप देणे, स्पर्धेशिवाय दुसऱ्या जागेवर नेमणे, हेही मालकाचे कर्तव्य ठरू शकते.

दुसरा खटला आपल्यातल्या आयांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. शॅरन कोलमन लंडनच्या एका सॉलिसिटर कचेरीत सेक्रेटरी होत्या. त्या स्वतः धडधाकट, मुलगा अपंग. मुलासाठी रजा आणि सवलत मागितली की आपल्याला आळशी म्हटले जाते, इतर आईबापांना मात्र हीच सवलत सहज मिळते, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या बाजूने रॉबिन अ‍ॅलन या नामवंत बॅरिस्टरने युक्तिवाद केला, आणि जुलै २००८ मध्ये युरोपच्या न्यायालयाने तत्त्व मान्य केले की जो अपंगाची काळजी घेतो त्याचाही त्यापायी छळ करता येणार नाही. आज ते इंग्लंडच्या कायद्याचाच भाग आहे.

तिसरा डग पॉली यांचा. २०१२ मध्ये वेदरबीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये खुर्चीची जागा एका बाबागाडीने अडवली होती. आईने हलायला नकार दिला, ड्रायव्हरने फार आग्रह धरला नाही, पॉली खाली राहिले. पाच वर्षांनी सुप्रीम कोर्टाने सांगितले की नुसती विनंती करून ड्रायव्हरला हात झटकता येणार नाहीत. बस एक, जागा एक, आणि त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढाव्या लागलेल्या पायऱ्या.

पायऱ्या कशा वाढवल्या जातात याचाही एक दाखला. जुलै २०१३ मध्ये ट्रिब्यूनलमध्ये दाद मागायला फी बसवली गेली. भेदभावाच्या दाव्याला सुनावणीपर्यंत १,२०० पौंड. दाव्यांची संख्या एकदम कोसळली. युनिसन या कामगार संघटनेने आव्हान दिले आणि जुलै २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती फी बेकायदा ठरवली, कारण ज्या न्यायासाठी पैसे मोजणे सामान्य माणसाला परवडत नाही तो न्याय त्याला नाकारल्यासारखाच आहे.

आपल्या घरात

मेव्हणे म्हणाले, "कायदा ठीक आहे हो, पण आपले लोक जातील का?"

खरी अडचण हीच आहे. आपण शिकलेली, नोकरदार माणसे. कायदा वाचता येतो, फॉर्म भरता येतात. पण आपल्या मंडळाच्या गणपतीला, दिवाळीला किती अपंग मुले दिसतात? आपल्यात ती नाहीत असे कसे म्हणावे? ती घरी आहेत. 'त्याला गर्दी सोसत नाही' असे आपण सांगतो. थोरल्या बहिणीचे लग्न ठरायचे असते, गावी आजीला कळायला नको असते, भिशीत विषय निघायला नको असतो. लीव्हस्डनची भिंत १९९५ साली पडली. काही घरांतली अजून उभी आहे, फक्त ती प्रेमाची आहे. आत असलेल्याला भिंत प्रेमाची आहे की सरकारची याने फार फरक पडत नाही.

मोठ्यांचेही तसेच. मधुमेहाने नजर गेली, कॅन्सरचे उपचार चालू आहेत, नैराश्याने वर्षभर झोप नाही, तरी 'मी काही अपंग नाही' असे म्हणून आपले लोक गुपचूप राजीनामा देतात. कायद्याची व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा रुंद आहे. शरीराचा किंवा मनाचा असा बिघाड, ज्याचा रोजच्या कामांवर लक्षणीय परिणाम होतो आणि जो बारा महिने टिकला आहे किंवा टिकण्याचा संभव आहे, तो या कायद्यात बसतो. कॅन्सर, एचआयव्ही आणि मल्टिपल स्क्लेरोसिस निदानाच्या दिवसापासूनच बसतात. शब्द नकोसा वाटत असेल तर मनात दुसरा वापरा, पण कागदावर हक्क सोडू नका. आपल्याकडे 'अपंग'चे 'विकलांग' झाले, 'विकलांग'चे 'दिव्यांग' झाले. उतार नसेल तर दिव्यांगालाही पायरी तेवढीच उंच असते.

कोणी म्हणेल, परक्या देशात भांडण कशाला? मला उलट वाटते. ज्या वेळी कायदा मोडला जातो आणि आपण गप्प बसतो, त्या वेळी आपण भांडण टाळत नाही, ते पुढच्याच्या गळ्यात घालतो. आपल्यानंतर त्याच खुर्चीत बसणाऱ्या दुसऱ्या कोणाला तो जाब मागावा लागतो. सगळ्यांनी खटले करावेत असे नाही. बहुतेक प्रकरणे एका नीट लिहिलेल्या पत्राने मिटतात. पण पत्राला वजन असते ते मागे कायदा आहे म्हणून, आणि कायद्याला वजन असते ते कोणीतरी शेवटपर्यंत गेले होते म्हणून. दाद मागायची मुदत थोडी असते. काही घडले तर ती किती, हे पहिल्याच आठवड्यात युनियनला, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला किंवा वकिलाला विचारून घ्यावे. नोंदी ठेवाव्यात, तारखा लिहाव्यात.

आणखी एक विनंती. ट्रिब्यूनलच्या सुनावण्या बहुधा सर्वांना खुल्या असतात. निवृत्त मंडळींनी एखादा दिवस काढून क्लॅरेंडन रोडवर जाऊन बसावे. मी एकदा गेलो होतो. ना झगे, ना टोप. एक न्यायाधीश, टेबले, कागदांच्या फायली, आणि नोकरी गेलेला एक माणूस, जो थांबत थांबत आपली हकीकत सांगत होता. न्यायाधीशांनी त्याला पाणी दिले, दहा मिनिटे विश्रांती दिली, आणि पुन्हा तिथूनच विचारायला सुरुवात केली. तो जिंकला की हरला, मला ठाऊक नाही. पण त्याचे म्हणणे कोणीतरी एकेक शब्द लिहून घेत होते. लीव्हस्डनच्या त्या दोन हजारांतल्या कोणाचे असे लिहून घेतले गेले असते, तर किती जण संध्याकाळी घरी गेले असते!

त्या दिवशी बागेतून परतताना मेव्हण्यांनी दारापाशी एक उतार पाहिला. चाकाची खुर्ची घेऊन एक बाई त्यावरून सहज खाली आल्या आणि "गुड आफ्टरनून" म्हणून पुढे गेल्या. मेव्हणे थोडा वेळ त्या उताराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नागपूरच्या आमच्या कोर्टाला किती पायऱ्या आहेत, हे मी पस्तीस वर्षांत कधी मोजले नाही. आता गेलो की मोजतो."